अंगणच वाकडे असेल तर?

पेरणी उरकली, खुरपणी-कोळपणी झाली, की हल्ली शेतकऱ्याच्या मागे आणखी एक काम लागते. मोबाईल घेऊन वावरात जायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि सात-बाऱ्यावरच्या पिकाची नोंद आपली आपणच करायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ही ई-पीक पाहणी आता दर हंगामाला ठरलेली आहे. सोबत पीएम किसानचे ई-केवायसी आहे, महाडीबीटीवरचे अर्ज आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. थोडक्यात, चावडीचा दरवाजा आता मोबाईलच्या काचेत आला आहे.

हा दरवाजा उघडला नाही तर दोष कुणाचा? "शेतकऱ्यांना मोबाईल कळत नाही", "लोक नीट वाचतच नाहीत", "भलतंच बटण दाबतात", ही वाक्ये बैठकीत आणि सेवा केंद्रात नेहमी ऐकू येतात. शेतकरीही मान खाली घालून म्हणतो, "आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय समजतंय!" म्हण आपल्याकडे आहेच, नाचता येईना अंगण वाकडे. पण वाचकहो, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. तिथे नाचणाऱ्याला नावे ठेवून काही होत नाही.

मोबाईलच्या स्क्रीनवर कोणता रकाना आधी यावा, त्यात कोणता शब्द असावा, चूक झाल्यावर काय दिसावे, हे सारे कुणीतरी माणसाने बसून ठरवलेले असते. ते देवाने दिलेले नाही की कायद्याने बांधलेले नाही. ज्याने ठरवले तो कार्यालयात बसतो. त्याची किंमत मात्र बांधावर उभा असलेला माणूस मोजतो. आजचा विषय हाच आहे, आणि तो जितका शेतकऱ्याचा आहे तितकाच गावात काम करणाऱ्या अधिकाऱ्याचाही आहे.

एका अटीची गोष्ट

या नोंदीला किती वजन आले आहे ते २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिले. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनला भाव मिळाला नाही म्हणून राज्य सरकारने अर्थसाहाय्य जाहीर केले. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट एक हजार रुपये आणि त्यापुढे हेक्टरी पाच हजार, कमाल मर्यादा दोन हेक्टर. निकष होता ई-पीक पाहणीतील नोंदीचा. याद्या लागल्या तेव्हा गावोगाव एकच ओरड झाली. शेतात कापूस होता, घरात कापूस होता, बाजारात कापूस विकलेला होता, पण नोंदीत कापूस नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट शिथिल करावी लागली.

त्यावेळी दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, "नोंद करायला कुणी अडवलं होतं?" दुसरी म्हणाली, "अॅपच बंद करा." दोन्ही बाजूंनी मधला प्रश्न सोडून दिला. इतके लोक एकाच ठिकाणी अडले, तर त्या ठिकाणी काय आहे ते कुणी जाऊन पाहिले का? एखाद्या फरशीवरून एक माणूस घसरला तर त्याची चप्पल बघावी. गावातला प्रत्येक तिसरा माणूस घसरत असेल तर फरशीवरचे शेवाळ बघावे.

जुने सगळे चांगले होते असे नाही

अॅपची बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी गाव नमुना बारामधली पिकाची नोंद तलाठी भाऊसाहेब करीत. (२०२४ पासून तलाठ्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) एका माणसाकडे अनेक गावे, हजारो गट. प्रत्येक बांधावर जाऊन पाहणी करणे शक्यच नव्हते. मग चावडीत बसून मागच्या वर्षीचे पीक पुढे ओढले जाई. ऊस मोडून हरभरा केला तरी सात-बाऱ्यावर ऊसच. बँकेत, खरेदी केंद्रावर, नुकसानभरपाईत त्याचा फटका बसे आणि दाद मागायला जागा नसे.

आपल्या पिकाची नोंद आपण करावी हा विचार म्हणून उत्तमच आहे. फोटो आणि ठिकाण सोबत जाते म्हणून खोट्या नोंदीलाही आळा बसतो. शेजाऱ्याच्या मोबाईलवरूनही नोंद करता येते. २०२२ च्या आवृत्तीत, नोंद केल्यापासून ४८ तासांत एकदा दुरुस्ती करण्याची सोय दिली गेली. ही सोय फार मोलाची. माणूस चुकणारच, हे ज्याने आधी मान्य केले त्यालाच अशी सोय सुचते. म्हणजे अॅप असावे की नसावे हा वाद नाही. ते कुणाच्या हातासाठी बनवले, हा वाद आहे.

एकर-गुंठ्याचा माणूस आणि हेक्टर-आरचा रकाना

आता एक साधी गोष्ट घ्या. सात-बारा बोलतो हेक्टर आणि आरमध्ये. शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यात. शाळेत दशमान पद्धत शिकलेला पोरगाही वावरात गेला की गुंठाच म्हणतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजेच सुमारे २.४७ एकर. गंमत अशी की गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच आहेत. एक गुंठा म्हणजे १.०१ आर. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

एखाद्याची दीड एकर तूर आहे, म्हणजे एक एकर वीस गुंठे. त्याने सवयीने रकान्यात १.२० लिहिले. रकाना मात्र हेक्टर-आरचा. तिथे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळपास तीन एकर! खरे तर त्याने ०.६१ लिहायला हवे होते. बघा, आकडा चुकीचा नाही, माणूस खोटा नाही, तरी नोंद दुप्पट झाली. गट मोठा असेल तर हा आकडा खपूनही जाईल. उद्या तपासणी झाली की शेरा काय पडणार? "क्षेत्र जास्त दाखवले." खोटेपणाचा शिक्का बसला तो असा.

यावर उपाय काय? शेतकऱ्यांना दशमान शिकवण्याचे शिबिर? अहो, त्यापेक्षा रकान्याखाली एक ओळ द्यावी. आकडा टाकला की लगेच खाली यावे: "म्हणजे सुमारे २ एकर ३९ गुंठे. बरोबर आहे का?" दीड एकरवाला माणूस ते वाचून तिथेच थांबेल. संगणकाला हा गुणाकार करायला क्षणही लागत नाही. जे काम यंत्राला सोपे आणि माणसाला अवघड, ते यंत्राने करावे, एवढाच हा न्याय आहे.

कागदाचे शब्द, बांधावरचे शब्द

तीच गोष्ट शब्दांची. अॅपमध्ये "निर्भेळ पीक" असा शब्द आला. महसूल खात्याच्या जुन्या नोंदवहीतला तो शब्द आहे, चुकीचा मुळीच नाही. पण बांधावर कुणी म्हणतो का, "यंदा आमची निर्भेळ सोयाबीन आहे"? आपण म्हणतो, "नुसती सोयाबीन", "सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी". मिश्र पीक, आंतरपीक, कायम पड, चालू पड, पोटखराबा यातले काही शब्द लोकांना ठाऊक आहेत, काही नाहीत, आणि काहींचा गावातला अर्थ वेगळा आहे. तुरीच्या दोन ओळी मध्ये टाकल्या तर ते मिश्र पीक धरायचे की नाही, इथे भलेभले अडखळतात. मग माणूस सुटकेसाठी पहिलाच पर्याय दाबतो आणि पुढे जातो.

सरकारी शब्द काढून टाकावेत असे म्हणणे नाही. कायद्याच्या कागदावर ते लागतात. पण त्याच्या शेजारी बोलीतले चार शब्द आणि एक लहान चित्र द्यायला काय हरकत आहे? नुसत्या एका पिकाचे चित्र, ओळी-ओळींच्या दोन पिकांचे चित्र. अक्षरे न वाचणारी आजीसुद्धा बोट ठेवून सांगेल, "आमचं हे बघा, असं आहे."

चुकीच्या संदेशांचे तर विचारूच नका. "काहीतरी चुकले आहे, नंतर प्रयत्न करा." काय चुकले? कुणाचे चुकले? नंतर म्हणजे तासाने की आठ दिवसांनी? रेंज नाही म्हणून थांबले, की सरकारच्या संगणकावर गर्दी झाली म्हणून, की आधार आणि सात-बाऱ्यावरचे नाव जुळत नाही म्हणून? या तिन्ही अडचणींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यात टेकडीवर जावे, दुसऱ्यात रात्री प्रयत्न करावा, तिसऱ्यात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जावे. संदेश एकच असला की शेतकरी तिन्हीकडे चकरा मारतो. मजुरी बुडते ती त्याची, आणि सेवा केंद्रात हातावर ठेवावे लागतात ते पैसे वेगळे.

साठवले की पोहोचले?

सर्वांत मोठी फसगत होते ती शेवटच्या बटणावर. मोबाईलमध्ये माहिती साठवणे आणि ती सरकारच्या संगणकापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र लिहून खिशात ठेवणे वेगळे आणि पोस्टाच्या पेटीत टाकणे वेगळे, तसेच हे. रेंज नसलेल्या शिवारात अनेक अॅप माहिती फोनमध्येच धरून ठेवतात. माणसाला वाटते झाले काम. तो घरी येतो, चहा घेतो, विसरतो. मुदत निघून जाते आणि यादीत नाव नसते.

यातून मार्ग कसा काढावा हे बाजारातल्या भाजीवालीच्या गाडीवर पाहा. मोबाईलने पैसे दिले की तिच्या जवळचा लहानसा डबा मराठीत मोठ्याने सांगतो, इतके रुपये मिळाले. तिचे हात ओले, गिऱ्हाईक चार, मोबाईल बघायला सवड नाही. अशा माणसासाठी स्क्रीन नको, आवाज हवा, हे कुणीतरी ओळखले. खोटा स्क्रीनशॉट दाखवून फसवणेही त्यामुळे अवघड झाले. जे व्यापाराच्या पैशाला जमते ते पिकाच्या नोंदीला का जमू नये? नोंद पोहोचली की फोनने बोलून सांगावे, "तुमच्या गटातली कापसाची नोंद सरकारकडे पोहोचली." पोहोचली नसेल तर तसे लाल अक्षरात सांगत राहावे, मुदत संपायच्या आत पुन्हा पुन्हा सांगावे.

मतदानाला जमले ते इथे का नाही?

कुणी म्हणेल, इतक्या तऱ्हेच्या लोकांना जमेल असे काही बनवणे शक्यच नाही. शक्य आहे, आणि आपल्याच देशाने ते करून दाखवले आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शंभरातले जेमतेम अठरा लोक साक्षर होते. तरी मतदान झाले. कसे? प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. मतदाराने फक्त आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. लोक शिकतील तेव्हा मतदान घेऊ, असे कुणी म्हटले नाही. लोक आहेत तसे धरून पेट्या बनवल्या.

पुढे यंत्र आले. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघात ते प्रथम वापरले गेले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर. त्याची रचना करण्यात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक आरेखन केंद्राचा वाटा होता. यंत्रावरच्या विश्वासाचा वाद वेगळा, तो इथे आणायचा नाही. इथे फक्त बटणाकडे बघा. एका ओळीत नाव, चिन्ह आणि निळे बटण. दाबले की शेजारी दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. म्हणजे डोळ्यालाही कळले, कानालाही कळले. अंधांसाठी ब्रेल आकडे आहेत. २०१५ पासून उमेदवाराचा फोटो आला, कारण एकाच नावाचे दोन उमेदवार उभे करण्याची युक्ती सर्वांना माहीत होती. चिठ्ठी दाखवणारे यंत्र जोडल्यावर काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसू लागली. २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीपासून फोटो रंगीत आणि अक्षर मोठे झाले. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही सुधारणा चालूच आहे.

यातून काय घ्यायचे? मतदाराकडून एकच कृती मागितली, आणि ती झाल्याची खूण तिथल्या तिथे दिली. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टरही तसाच. हिरवे दाबले की चालू, लाल दाबले की बंद, आणि पाणी पडल्याचा आवाज हीच पावती. रात्रीच्या पाळीची वीज आली तर अंधारात चाचपडूनही ते बटण सापडते. त्याचे शिबिर कुणी घेतले होते का?

खुणेचा अर्थ कोण ठरवतो

रंग आणि खूण यांचा विषय निघाला म्हणून एक गंभीर गोष्ट सांगणे भाग आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी खूण असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. कमी विषारी, पण विषारीच! आता स्टार्टरवर हिरवे म्हणजे "चालू कर", सिग्नलला हिरवे म्हणजे "जा", आणि शेतकऱ्याच्या मनात हिरवे म्हणजे चांगले पीक. त्याच हिरव्या रंगाने डब्यावर "जपून" असे सांगायचे ठरले आहे. माणसाने त्याचा अर्थ "निर्धोक" असा घेतला तर नवल काय? निळ्याचेही तेच. देवाचा, आभाळाचा, पाण्याचा रंग. त्याला धोक्याचा रंग म्हणून कोण ओळखणार? सोबतचे माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात असते की ते वाचायला भिंग लागावे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्याची कारणे अनेक होती: डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची सरमिसळ, हातमोजे-मास्क नसणे. एका त्रिकोणावर सारा दोष टाकता येणार नाही. पण ज्या खुणेने माणसाला सावध करायचे तीच त्याला कळत नसेल, तर ती खूण नियम पाळल्याचा पुरावा तेवढी उरते. तोवर आपण लक्षात ठेवायचे ते एवढेच. त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो, डब्यात विषच आहे.

बदल होतो, हे सिद्ध झाले आहे

सरकार ऐकतच नाही, असेही म्हणता येत नाही. २०२० मध्ये सात-बाऱ्याचे रूप बदलले ते आठवा. पूर्वी रद्द झालेली किंवा मयताची नावे कंसात दाखवत. कंसाचा अर्थ ज्याला ठाऊक त्यालाच कळे. आता त्यावर आडवी रेघ येते. खाते क्रमांक नावासोबत आला, दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची रेघ आली, क्षेत्राचे एकक स्पष्ट छापले जाऊ लागले, प्रलंबित फेरफार वेगळा दिसू लागला. कायदा तोच, जमीन तीच, हक्क तेच. फक्त मांडणी बदलली आणि सात-बारा वाचणे सोपे झाले.

पीएम किसानचेही तसेच. ई-केवायसीसाठी आधी एक तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यायला हवा, नाही तर बोटाचा ठसा उमटायला हवा. मोबाईल नंबर केव्हाच बदललेला, आणि ठसा? कापूस वेचून, ऊस तोडून, विळा धरून ज्याच्या बोटांच्या रेघा झिजल्या त्याने ठसा आणायचा कुठून? जो जास्त राबतो त्याचाच ठसा यंत्र नाकारते, असा हा उलटा न्याय होता. जून २०२३ मध्ये पीएम किसानच्या अॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि एका शेतकऱ्याला इतरांचीही ओळख त्यांच्या घरी जाऊन पटवता येऊ लागली. ज्या माणसाचा ठसा उमटत नव्हता त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवली गेली. प्रत्येक योजनेत अशी दुसरी वाट हवी.

एका मिनिटाचा हिशेब

"एवढ्या तेवढ्या गोष्टीसाठी अॅप पुन्हा बनवायचं का?" असा प्रश्न येतो. तर हिशेब मांडू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५३ लाख शेतखाती आहेत. समजा, त्यातल्या एक कोटी लोकांचा एखाद्या नको असलेल्या रकान्यावर फक्त एक मिनिट गेला. एक कोटी मिनिटे म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजार तास. आठ तासांच्या दिवसाने जवळजवळ २०,८०० दिवसांची मजुरी! हे एका मिनिटाचे, एका हंगामाचे. तो रकाना काढायला एखाद्या माणसाला एक-दोन आठवडे लागतील. मग खर्च कशात जास्त आहे?

हा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही. कार्यालयाचे काम वाचले की त्याला बचत म्हणतात. तेच काम शेतकऱ्याच्या अंगावर गेले की त्याला लोकसहभाग म्हणतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सगळेच सोपे करता येत नाही. ठिकाणाची अट पूर्ण काढली तर घरी बसून दुसऱ्याच्या वावराचा फोटो टाकणारेही निघतील, आणि त्यांच्यामुळे खऱ्याचा वाटा जाईल. म्हणून अट राहू द्या. पण नकाशावरचा गट आणि प्रत्यक्षातला बांध यांचा मेळ बसत नसेल, तर प्रामाणिक माणसाने काय करायचे, याचे उत्तर त्याच स्क्रीनवर असले पाहिजे. "तुम्ही गटाबाहेर आहात" एवढे सांगून दार लावून घेणे बरोबर नाही. "इथे दाबा, ग्राम महसूल अधिकारी येऊन बघतील" असे म्हणता येते. गावपातळीवर त्यासाठी सहायक नेमलेले आहेत, त्यांचे नाव आणि नंबर त्याच ठिकाणी दिसावा.

आता आपण काय करायचे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. नोंद केली म्हणजे झाली, असे धरू नका. रेंजमध्ये आल्यावर अॅप पुन्हा उघडा आणि नोंद पोहोचली का ते बघा. क्षेत्र टाकण्याआधी एकराचे हेक्टर करून कागदावर लिहून घ्या, एकराला ०.४० धरले तरी मोठी चूक टळते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी सगळा जिल्हा त्याच दारात उभा असतो. २०२५ च्या खरिपात मुदत वाढवावी लागली, पण ती दरवेळी वाढेलच असे नाही. काही अडले तर "अॅप चालत नाही" एवढेच सांगू नका. कुठल्या गटाची नोंद होती, कितव्या पानावर अडले, स्क्रीनवर कोणते शब्द आले, हे लिहून ठेवा किंवा त्याचा फोटो काढा. गोठ्यातले जनावर आजारी पडले की डॉक्टरला आपण "बरं नाही" एवढेच सांगत नाही. रवंथ बंद आहे, कान थंड आहेत, काल काय खाल्ले, सगळे सांगतो. तसेच इथे.

ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि सेवा केंद्र चालवणारे, तुम्हालाही एक विनंती. वरून आलेले अॅप तुम्ही बनवलेले नाही, शिव्या मात्र तुम्हालाच खाव्या लागतात. म्हणूनच लोक कुठे अडतात हे तुमच्याइतके कुणालाच माहीत नाही. एक वही ठेवा. "लोकांना समजत नाही" असे त्यात लिहू नका. "क्षेत्राच्या रकान्यावर आज नऊ जण अडले, त्यातल्या सहा जणांनी एकर लिहिले" असे लिहा. पहिल्या वाक्यावर वरचे साहेब फक्त मान हलवतील. दुसऱ्या वाक्यावर त्यांना काहीतरी करावे लागेल. एक प्रयोगही करून बघा. पन्नाशीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातात मोबाईल द्या, शेजारी बसा आणि काही न बोलता पाहात राहा. त्याचा मोबाईल आपल्या हातात घ्यायचा मोह आवरा. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे वैतागतो, हे अर्ध्या तासात कळेल. हजार अर्जांच्या अहवालातून ते कळत नाही.

ग्रामसभेलाही यात काम आहे. हंगाम संपल्यावर गावात किती खातेदारांची नोंद झाली, किती जणांची राहिली आणि कशामुळे राहिली, हे तीन आकडे फळ्यावर लागले पाहिजेत. त्यावर ठराव करून तो तहसीलदारांकडे पाठवता येतो. आणि जे अॅप बनवतात त्यांच्याकडून एवढे तरी मागितले पाहिजे की नवे रूप राज्यभर लावण्याआधी दहा गावांत, भर पावसाळ्यात, भर दुपारच्या उन्हात, जुन्या मोबाईलवर आणि चिखलाच्या हातांनी ते वापरून पाहावे. वातानुकूलित खोलीत सगळेच अॅप चालते.

रस्त्यावर खड्डा असेल तर आपण ग्रामपंचायतीला जाब विचारतो. "गाडी नीट चालवता येत नाही का?" असे कुणी उलट विचारले तर ऐकून घेत नाही. मोबाईलवरचा सरकारी रकाना हाही आता सार्वजनिक रस्ताच आहे. अनुदान, विमा, हमीभाव, कर्ज, सगळे त्याच वाटेने घरी येते. तिथला खड्डा दाखवायला लाजायचे कारण नाही. यंदाच्या हंगामात पहिल्यांदा जिथे अडाल तिथला फोटो काढून ठेवा, आणि येत्या ग्रामसभेत तो पुढे ठेवा.